बिब्बा घातला

किनवटच्या पुढं, बोधडीच्या अंगाला
झमकाबाई आडे बिब्बे फोडते.
दगडावर दगड. गोडंबी इकडं, टरफल तिकडं.
राख चोपडूनही बोटं काळी,
गालावर तेलाचा एक जुना थेंब,
मी तीळ समजले.

"गोडंबी नेतेत सगळे. तुला टरफलं कामून?"
रक्ताचा एक रोग आहे, म्हणाले.
"मंग? रक्तात बिब्बा घालतीस व्हय?"
आणि पदरात तोंड घालून हसली.

हो बाई, तेच.
वहीत लिहिलं : वनस्पती साहित्य, दोन किलो.
पावती नाही.

नांदेडला तिसऱ्या दिवशी माझं मनगट उतलं.
हातमोज्यातूनही त्यानं वाट काढली.
खोबरेल लावत अर्क गाळत राहिले,
काकवीसारखा, काकवीहून काळा.
परीट याच रसानं कपड्यांवर खुणा घालायचे,
शंभर धुण्यांनंतरही कळायचं
कोणतं धोतर कुणाचं.
मला त्याच्याकडून तेवढंच हवं होतं :
कुणाचं काय, ते ओळख.

पेशी मात्र लांबच्या.
पन्नासेक वर्षांपूर्वी, कुठल्याशा देशात,
त्रेपन्न वर्षांच्या बाईला ल्युकेमिया झाला.
तिच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या या
अजून दुणावतायत.
पुण्याहून आल्या, थर्माकोलच्या खोक्यात, सुक्या बर्फात.
कुपीवर नाव नाही तिचं. आकडा आहे.
सदतीस अंशांच्या पेटीत ठेवतो त्यांना.
बाहेर चव्वेचाळीस.
लाइट गेली की आधी ती पेटी आठवते,
मग पंखा.

ताटलीत शहाण्णव खळगे,
करंगळीचं टोकही जेमतेम मावेल एवढे.
वरच्या ओळींत तिच्या पेशी,
खालच्या एका ओळीत माझ्या,
सोमवारी स्वतःच्याच दंडातून काढलेल्या रक्तातल्या.
सगळ्यांना अर्क. मग पिवळा रंग.
चार तास थांबायचं.
जगते ती पेशी पिवळ्याचं जांभळं करते.
मेलेली काही करत नाही.

रात्री नऊला उघडलं तर
पिवळं. पिवळं. पिवळं.
ओरडलेच असेन मी,
कारण शेख मुनीर झाडू घेऊनच आत आला.
त्याच्या बहिणीची पोरगी विष्णुपुरीला, वॉर्डात,
सात वर्षांची, डोक्यावर ओढणी बांधून.
"पिवळं म्हणजे मेलं ना, मॅडम?"
हो.
"मग एक शिशी..."

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.
"हे कुणाचं?"
माझं.
तेही पिवळं.

बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "तुम्ही तर चांगल्या दिसायलाव."

सरांनी 'आशादायक' खोडून 'प्राथमिक' केलं.
मी पातळ करत निघाले. निम्मं,
निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं.
कुठंतरी एक खळगा असेल
जिथं तिचं बुडेल आणि माझं तरेल.
मंगळवारी दिसला होता.
गुरुवारी तसंच सगळं पुन्हा केलं,
नव्हता.

मुनीरला सांगितलं,
पोरीला चालू आहे त्या इंजेक्शनातलं एक
सदाफुलीतून निघालं, तेही विषच,
त्याचा नेमका थेंब सापडायला वर्षं गेली.
किती, ते त्यानं विचारलं नाही.
दवाखान्याच्या फाटकापाशी सदाफुली आहे, वाळत आलेली.
हल्ली डबा पोचवायला गेला की
बाटलीतलं उरलेलं पाणी तिला ओततो.

टरफलं संपत आलीत.
शनिवारी सहाची किनवट गाडी.
झमकाबाईसाठी हातमोज्यांचे दोन जोड घेतलेत,
त्यातून तेल जातं
हे माझं मनगट सांगत असतानाही.